मोटारीचा पट्टा : सैल किती, ताठ किती?

घरी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास तिचे पेट्रोल, तिची चाके आणि तिचा रंग यांची काळजी सहसा असते. कारण या तिन्ही गोष्टी डोळ्यांपुढे असतात. परंतु बॉनेटखाली, इंजिनच्या तोंडाशी, बोटाएवढ्या रुंदीचा एक काळा रबरी पट्टा फिरत असतो, त्याची आठवण तो तुटल्यावाचून फारशी कोणास होत नाही. आम्हांसही झाली नव्हती. त्या विस्मरणाचा दंड आम्ही दोनदा भरला. एकदा पट्टा सैल राहू दिल्याबद्दल आणि एकदा तो फाजील ताठ केल्याबद्दल. असा दंड आमच्या वाचकांस भरावा लागू नये, एवढ्याच हेतूने ही हकीकत व तिच्यापासून घेतलेला बोध येथे देत आहोत.

काही वर्षांपूर्वी वैशाखात चिपळुणास आप्तांकडे मुंज होती. ती आटोपून आम्ही घरची मंडळी कऱ्हाडकडे परत निघालो. गाडी जुनी, पण सवयीची. आत आमचे वडीलबंधू, वहिनी, सत्तरी उलटलेल्या काकू आणि दोन मुले. इंजिन सुरू करताच पुढून एक बारीक किंकाळी उमटली आणि क्षणभरात विरली. असे आठपंधरा दिवस होतच होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या माहेरी शेजारीच पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा घसरू लागला म्हणजे अगदी असाच ओरडायचा. एकदा बघून घ्या ना." आम्ही हसलो आणि "मोटार म्हणजे गिरणी नव्हे, वहिनी," असे उत्तर देऊन गाडी हाकली. या बाबतीत मोटार म्हणजे तंतोतंत गिरणीच असते, हे आम्हांस कुंभार्ली घाटात कळले.

पोफळी मागे टाकून चढ लागला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरच्या फलकावर बॅटरीचा तांबडा दिवा उजळला. दिवा बॅटरीचा, तेव्हा घरी पोचल्यावर पाहू, असे म्हणून आम्ही तसेच पुढे गेलो. थोड्याच वेळात उष्णतेचा काटा तांबड्या रेषेस जाऊन टेकला. तरीही "एवढे वळण चढून सावलीत थांबू" अशा विचाराने आम्ही गाडी आणखी रेटली. ही आमची सर्वांत महाग चूक. बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली तेव्हा आम्ही थांबलो. इंजिन निवल्यावर पाहतो तो पट्टा नाहीसा झालेला; त्याचे चार धागे तेवढे पंख्यास गुंडाळले होते.

दोन तास आम्ही त्या उन्हात काढले. जवळचे पाणी मुलांना आणि काकूंना पुरले नाही. अखेर एका जीपवाल्याने चिपळुणाहून पट्टा आणून स्वतःच्या हाताने चढवून दिला, आणि पट्ट्याच्या किंमतीपलीकडे एक पैसाही घेतला नाही. इंजिन सुरू झाले खरे, परंतु त्यात पाणी टिकेना. त्या शेवटच्या वळणाने हेडखालचे गॅस्केट जाळले होते. त्याच जीपमधून मंडळी चिपळुणास परतली. रात्री काकूंना सणकून ताप भरला. दोन दिवसांनी त्या हिंडूफिरू लागल्या, म्हणूनच आज हे लिहिण्याचा धीर होतो.

पट्टा काय करतो?

इंजिन सुरू झाले म्हणजे त्याचा मुख्य दांडा फिरू लागतो. त्या दांड्याच्या टोकास खाचेचे एक चाक असते. मिस्त्री त्यास पुली म्हणतात. या पुलीवरून पट्टा निघून तसल्याच दुसऱ्या पुल्यांवर जातो व त्यांस फिरवितो. त्यांपैकी एक अल्टरनेटरची, म्हणजे वीज उत्पन्न करून बॅटरी भरणाऱ्या यंत्राची असते. पुष्कळ गाड्यांत दुसरी वॉटर पंपाची असते. हा पंप इंजिनभोवतीचे पाणी रेडिएटरमध्ये खेळवितो. अॅम्बॅसिडरसारख्या जुन्या गाडीत रेडिएटरमागचा पंखाही याच पट्ट्यावर फिरे, म्हणून आपल्याकडे आजही यास 'फॅन बेल्ट' म्हणतात. पुढे वातशीतनाचा काँप्रेसर आणि सुकाणू हलके करणारा पंप यांचीही त्यात भर पडली.

आता घाटातील कोडे सुटते. पट्टा तुटताच अल्टरनेटर थांबला, म्हणून आधी बॅटरीचा दिवा लागला. त्याच क्षणी पंप व पंखाही थांबले होते, म्हणून मागोमाग काटा चढला. तो तांबडा दिवा बॅटरीची तक्रार करीत नव्हता. पट्टा गेल्याची वर्दी देत होता. हे ठाऊक असते तर आम्ही तेथल्या तेथे थांबलो असतो, आणि नुकसान एका पट्ट्यावर निभावले असते. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकास साहाय्य करणारा निर्वात पंपही अल्टरनेटरच्याच दांड्यावर बसविलेला असतो. तेथे पट्टा तुटला म्हणजे ब्रेकही जड होतो; घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

एक सावधगिरीची सूचना येथेच देऊन ठेवतो. अनेक इंजिनांत झाकणाआड 'टायमिंग बेल्ट' म्हणून दुसरा एक दातेरी पट्टा असतो. तो इंजिनच्या झडपा वेळेवर उघडमिट करवितो. तो निराळा आणि त्याचे शास्त्रही निराळे. एक दाता चुकून बसला तरी इंजिनची चाल बिघडते. आणि काही इंजिनांत तो तुटला असता झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळतात. त्यास घरी हात लावू नये. हा लेख बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्यापुरताच आहे.

पाचरीचे तत्त्व

आरंभीच्या मोटारींत हा पट्टा सपाट असे. १९०८ पासून १९२७ पर्यंत लाखोंनी निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीचा पंखा सपाट पट्ट्यावरच चाले. सपाट पट्टा घसरतो, हे ज्याने गिरणीचा पट्टा पाहिला आहे त्यास सांगणे नको. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी रबर व धागे यांचा, खाली निमुळता होत जाणारा पट्टा तयार केला. त्याचा आडवा छेद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा, आणि पुलीची खाचही तशीच. लाकूड फोडताना पाचर जशी फटीत रुतते तसा हा पट्टा खाचेत रुततो. खाचेच्या दोन भिंतींमधील कोन ४० अंशांच्या आसपास असला म्हणजे तेवढ्याच ताणात भिंतींवरील दाब सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होतो. पकड त्या मानाने वाढते.

यावरून एक व्यावहारिक खूण मिळते. हा पट्टा बाजूंनी पकडतो, तळाने नव्हे. त्याची खालची कड झिजून तो खाचेच्या तळाशी टेकू लागला की पाचर संपली. मग तो कितीही ताणला तरी घसरणारच. खाचेचा तळ घासून चकचकीत झालेला दिसला, तर पट्टा किंवा पुली, कदाचित दोन्हीही, बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत याऐवजी रुंद, पातळ आणि आतून लांबीच्या दिशेने अनेक बारीक धारा असलेला पट्टा असतो. १९७९ च्या फोर्ड मस्तंग गाडीपासून असा एकच लांब पट्टा सर्व पुल्यांवरून नागमोडी नेण्याची पद्धत रूढ होऊ लागली. यात सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. पूर्वी तीन पट्ट्यांपैकी एक तुटला तर दोन शाबूत राहत, आता एक तुटला की सर्वच कामे थांबतात. ज्या गाड्यांत सुकाणूचे साहाय्य विजेवर आले आहे, तेथे पट्ट्याचे ओझे थोडे उतरले आहे. आणि विजेवर धावणाऱ्या गाडीस इंजिनच नसल्याने हा पट्टाही नाही.

पट्ट्याची परीक्षा

महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन गार असताना, बॉनेट उघडून पट्टा पाहावा. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. पट्टा बोटांनी थोडा पिळून त्याची आतली बाजू उजेडात आणावी. जुन्या प्रकारच्या रबरात आडव्या भेगा पडतात, कडांचे धागे सुटतात, बाजू काचेसारख्या चकाकू लागतात. यांपैकी काहीही दिसले तर पट्टा बदलावा. नव्या धारांच्या पट्ट्यांत मात्र 'ईपीडीएम' नावाचे रबर वापरतात. ते सहसा भेगाळत नाही. टायरप्रमाणे हळूहळू झिजते. भेगा नाहीत म्हणून असा पट्टा चांगला, असे समजणे फसवे आहे. त्याच्या धारांमधील खोली मापण्याची लहानशी पट्टी मिळते, तिने झीज पाहावी. तेल किंवा इंजिनचे पाणी पट्ट्यावर गळत असेल, तर आधी ती गळती बंद करावी. एरवी नवा पट्टाही अल्पायुषी ठरेल.

डोळ्यांइतकाच कान कामाचा आहे. लांब किंकाळी, विशेषतः सुरू करताना अथवा दिवे व पंखा एकदम लावले असताना, ही बहुधा सैल पट्ट्याची. एकसारखी चिमणीसारखी चिवचिव ही बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याची. धारांच्या पट्ट्याबाबत संशय असल्यास इंजिन संथ चालत असताना दुरून, हात पुरते लांब ठेवून, पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर थोडे पाणी शिंपडावे. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्यांची रेषा चुकली आहे. आवाज बंद करण्यासाठी पट्ट्यावर फवारावयाची औषधे मिळतात. ती रोग झाकतात, बरा करीत नाहीत. आमच्या मते त्यांच्या वाटेस जाऊ नये.

आयुष्याचे म्हणाल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. तो न मिळाल्यास साधा निमुळता पट्टा ४ वर्षे किंवा ६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलणे शहाणपणाचे.

बदलण्याची रीत

साध्या पट्ट्याचे काम दोन पाने व एक मजबूत लाकडी दांडा एवढ्यावर होते. आरंभी बॅटरीचे ऋण टोक सोडावे, कारण काही गाड्यांतील विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो. अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. सोगा, पदर, सैल बाही आवरून घ्यावी. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचे चित्र कागदावर काढून मगच त्यास हात लावावा. पुढे आणखी एखादा पट्टा असेल तर तो आधी उतरवावा लागतो.

अल्टरनेटर सामान्यतः दोन ठिकाणी धरलेला असतो. एका बोल्टाभोवती तो झुलतो. दुसरा बोल्ट लांबट खाचेच्या पट्टीत सरकतो. दोन्ही थोडे सैल करून अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला की पट्टा ढिला पडून हाताने निघतो. तो फेकू नये. नवा पट्टा त्याच्या शेजारी धरून रुंदी व लांबी ताडून पाहावी. मात्र चाललेला पट्टा किंचित लांबलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. पट्टा नसताना प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहण्याची हीच संधी. खरखर लागली किंवा पुली डुलली तर तिचे बेअरिंग गेले आहे. खाचा कोरड्या फडक्याने पुसाव्या.

नवा पट्टा चढविताना पेचकसाने कधीही उचकटू नये. त्याने आतील धागे तुटतात. ते बाहेरून दिसत नाहीत आणि पट्टा थोड्याच दिवसांत दगा देतो. अल्टरनेटर पुरेसा आत ढकलला असता योग्य मापाचा पट्टा नुसत्या हाताने बसतो. बसत नसेल तर माप चुकले. पट्टा खाचेत नीट बसल्यावर दांड्याने अल्टरनेटर बाहेर रेटावा. दांड्याचा टेकू त्याच्या जाड, भक्कम भागाशी द्यावा. मधल्या पातळ अंगाशी दिल्यास ते चिरते. ताण आला की आधी पट्टीतील बोल्ट आवळावा, मग झुलत्या टोकाचा. काही गाड्यांत दांड्याऐवजी ताण देण्याचा एक लांब स्क्रू असतो. तेथे काम अधिक सोपे.

नागमोडी पट्ट्याच्या गाडीत स्प्रिंगचा टेन्शनर असतो. तो पान्याने वळवून धरला की पट्टा ढिला होतो, आणि तो गुळगुळीत पुलीवरून सरकवून काढता येतो. बसविल्यावर प्रत्येक धार आपापल्या खाचेत आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. एक धार बाहेर राहिली तर पट्टा लवकरच फाटतो. येथे ताण हाताने ठरवावा लागत नाही. परंतु स्प्रिंग थकली असेल तर नवा पट्टाही ओरडतो, म्हणून टेन्शनर थरथरतो का ते पाहावे. काही गाड्यांत टेन्शनर नसून स्वतः ताणला जाणारा पट्टा असतो. तो बसविण्यास खास हत्यार लागते; ते काम मिस्त्रीकडेच द्यावे.

ताण किती असावा?

आता मुख्य मुद्दा, आणि आमच्या दुसऱ्या दंडाची कथा. घाटातील प्रकारानंतर आम्हांस सैलपणाची इतकी दहशत बसली की पुढचा पट्टा आम्ही स्वतः बसविला तेव्हा दांड्यावर सारा भार देऊन तो तारेसारखा ताणला. वडीलबंधूंनी "पुरे आता" म्हटले, तरी आम्ही आणखी एक हिसका दिलाच. किंकाळी गेली, आम्ही कृतार्थ झालो. चारपाच महिन्यांनी गाडीखाली पाण्याचे थेंब दिसू लागले, मग घरघर ऐकू येऊ लागली. वॉटर पंपाचे बेअरिंग गेले होते. फाजील ताणाचा पट्टा पुलीच्या दांड्यास रात्रंदिवस एका बाजूस ओढीत राहतो. पट्टा टिकतो, पण बेअरिंग बळी जाते. सैल पट्टा स्वतः मरतो. ताठ पट्टा दुसऱ्यास मारतो.

म्हणून ताण अंदाजाने न ठरविता मापाने ठरवावा. दोन पुल्यांमधील सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने सुमारे १० किलो दाब द्यावा आणि पट्टा किती लवतो ते पट्टीने मोजावे. पुष्कळ लहान गाड्यांत ही लवण ६ ते १२ मिलिमीटरांच्या दरम्यान सांगितलेली असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. तेथे बहुधा दोन आकडे दिसतात. नव्या पट्ट्यास कमी लवण, चाललेल्या पट्ट्यास किंचित अधिक. दहा किलो दाब म्हणजे किती हे अंगठ्यास शिकविण्याची युक्ती घरातच आहे. वजनाच्या काट्यावर अंगठा टेकून काटा दहावर येईपर्यंत दाबावे. दोनचार वेळा केले की अंदाज बसतो. आता छेडलेल्या पट्ट्याच्या कंपनसंख्येवरून ताण सांगणारी उपकरणेही मिळतात. तंबोऱ्याची तार लावण्यासारखाच हा प्रकार. चढली तर तुटते, उतरली तर भसाडते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. नवा पट्टा पहिल्या काही मिनिटांतच खाचेत बसतो आणि थोडा सैलावतो. म्हणून बॅटरी जोडून इंजिन दहा मिनिटे चालवावे, बंद करून गार होऊ द्यावे, आणि लवण पुन्हा मोजावी. दोनतीनशे किलोमीटर चालल्यावर तिसऱ्यांदा पाहावे. या दोन फेरतपासण्या टाळल्यामुळेच कित्येक नवे पट्टे महिन्याभरात ओरडू लागतात, आणि दोष मात्र पट्ट्यास दिला जातो.

प्रवासात तुटला तर?

बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला की रस्त्याच्या कडेस थांबावे व बॉनेट उघडून पट्टा पाहावा. पट्टा असला आणि फिरत असला, तर दोष विजेचा. जवळच्या गावापर्यंत जाता येते. पट्टा नसेल तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. पुढच्या वळणाची सावली कितीही जवळ दिसो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील उकळते पाणी दाबाने अंगावर येते. दोरी अथवा फाटलेल्या वस्त्राची चिंधी बांधून वेळ मारून नेण्याचे प्रयोग लोक करतात, पण घाटात त्यांवर विसंबू नये. त्यापेक्षा आपल्या मापाचा एक पट्टा, दोन पाने, दांडा आणि मंडळींस पुरून उरेल एवढे पाणी गाडीत ठेवावे. हे सर्व मिळून लागणारा खर्च आम्ही भरलेल्या दंडाच्या जवळपासही जात नाही.

हल्ली आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॉनेट उघडते. मुले पट्टी धरतात, आम्ही अंगठा दाबतो, आणि लवणीचा आकडा एका वहीत लिहिला जातो. काकू ओसरीवरून विचारतात, "आज किती रे?" लांबच्या प्रवासास निघताना मात्र इंजिन सुरू केल्यावर आम्ही लगेच गाडी हाकीत नाही, क्षणभर थांबून मागे पाहतो. वहिनी कान देऊन ऐकतात, आणि त्यांनी मान हलविली म्हणजेच गाडी फाटकाबाहेर पडते.